सुलू, तुला ऊन लागलं होतं

सुलू, तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवसापासून तुझ्या फोटोपुढे नारळ फुटायला लागले. लग्नातल्या फोटोतून विलासभाऊजींना कापून तुला एकटीला मोठं केलंय, त्यामुळे तुझ्या खांद्यापाशी अजून त्यांच्या सदऱ्याची बाही दिसते. काचेवरूनच तुझ्या कपाळावर बोटभर कुंकू लावलंय. मागच्या गल्लीतल्या बायकासुद्धा येतात, ओटी ठेवतात. कुणाच्या मुलीचं लग्न अडलंय, कुणाचा नवरा आखातातून पत्र पाठवत नाही, ते सगळं तुला सांगतात. तू होतीस तेव्हा ह्यातल्या निम्म्या बाया नळावर तुझ्याशी धड बोलत नव्हत्या. मी समोरच्या चाळीत माझ्या दारात बसून हे बघते. परवा कुणीतरी प्रसादाचं खोबरं माझ्यापर्यंत आणलं. मी हात पुढे केला नाही.

मला तुझ्याशी बोलायचंय, आणि देवीशी मी बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. तेव्हा हे जे काय लिहितेय ते माझ्या शेजारी उभी राहून हुकाला पाती अडकवणाऱ्या सुलूला. फोटोतल्या बाईने वाचू नये.

आपल्या कारखान्याची गोष्ट मी माहेरी सांगायचे तेव्हा कुणाला खरी वाटायची नाही. मरोळच्या इस्टेटीत पंखे बनवणारा कारखाना, आणि आपल्या रंगखात्यात एकही पंखा नाही. वाऱ्याने धूळ उडते, ओल्या रंगावर बसते, म्हणून खिडक्यासुद्धा बंद. एका अंगाला रंगाची फवारणी, दुसऱ्या अंगाला रंग भाजायची भट्टी, आणि मध्ये आपण दोघी. पाती अडकवायची, भाजून आलेली उतरवायची, वाकडी निघाली तर वेगळी काढायची. उन्हाळ्यात तू म्हणायचीस, "शालन, आपल्यावर पण एक हात मारू दे रंगाचा. उभ्या उभ्या वाळू आपण."

मी नवीन लागले तेव्हा जेवणाच्या सुट्टीतले बायकांचे घोळके ठरलेले होते. मी साताऱ्याकडची, बौद्ध, हे आडनावावरून सगळ्यांना सकाळीच कळलं होतं. माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. तू उशिरा आलीस, त्याच जागेवर बसलीस आणि न विचारता माझ्या ठेच्यात भाकरीचा तुकडा बुडवलास. मग नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर मला शिव्या घातल्यास, "हा ठेचा आहे की सूड गं?" म्हणून. त्या दिवसाचे आभार मी कधी मानले नाहीत. असल्या गोष्टीचे आभार मानले की ती उगाच मोठी होऊन बसते, आणि तू ती मोठी होऊ दिली नव्हतीस. आज मानते. आता मानून कुणाला काय त्याचं.

मग तो रामधनीचा उन्हाळा आठव. भट्टीवरचा रामधनी, कधी कुणाशी वाकडं न बोलणारा माणूस, दुपारी एकाएकी बरळायला लागला. आधी चिडला, मग हसला, मग भाजून आलेली पाती परत भट्टीकडे न्यायला लागला. चालताना झोकांड्या जात होत्या. फोरमनने त्याचं तोंड हुंगलं आणि म्हणाला, "साला दिवसाढवळ्या टाकून आलाय." सगळे हसले, मीही हसले. तू त्याला धरायला गेलीस, तुझा हात त्याच्या मानेला लागला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. "शालन, हा पिलेला नाय. हा तव्यासारखा तापलाय." पिण्याच्या पाण्याचं पिंप आपण दोघींनी त्याच्यावर उपडं केलं. मग त्याच फोरमनने त्याला उचलून टेम्पोत घातला. रामधनी वाचला, गावाला गेला, आणि येताना तुझ्यासाठी पेढे घेऊन आला.

त्यानंतर कामगारांच्या दवाखान्यातून एक डॉक्टरीणबाई आपल्याला समजावून सांगायला आल्या. आपण मागे उभं राहून त्यांच्या चष्म्याच्या दोरीला हसत होतो, पण ऐकत होतो. त्या म्हणाल्या, ह्याला उष्माघात म्हणतात, आणि उन्हातच जायला हवं असं काही नाही. भट्टीपाशी, पत्र्याखाली, जाडजूड कपड्यांत, पाणी न पिता राबलात तर घरात बसूनही होतो. अंग तापलंय आणि माणूस भलतंसलतं बोलतोय, ह्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की दुसरा विचार करायचा नाही. घाम येतोय की नाही ह्यावर जाऊ नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका, घशात अडकेल. गाडीची वाट बघत बसू नका, थंड करायला लागा आणि मग न्या.

तू विचारलंस, "पण बाई, आपल्याला होतंय हे आपल्याला कसं कळायचं?"

"नाही कळत," बाई म्हणाल्या. "डोकंच तापलेलं असतं, ते काय सांगणार? तुमच्या शेजारणीला कळायला हवं."

तेव्हापासून आपला तो खेळ सुरू झाला. उकाड्याच्या दिवसांत मधूनच तू ओरडायचीस, "शालन, आज वार कोणता?" मी विचारायचे, "तुझ्या सासूचं माहेर कुठलं?" मी मुद्दाम चुकीचा वार सांगितला की तू गार पाण्याचा ग्लास माझ्या मानेवर ओतायचीस. फवारणीवरची पोरं म्हणायची, ह्या दोघी येडपट आहेत. पण खेळ खेळ म्हणत आपण एकमेकींना राखत होतो. नवऱ्याने कधी माझी तब्येत विचारली नसेल इतक्या वेळा तू मला वार विचारलास.

आता तुमच्या वाऱ्याचं लिहिते. ह्यावर आपण इतकं भांडलोय की लिहिताना तुझा आवाज मध्येमध्ये येतो.

तुझ्या सासूबाई म्हणजे चाळीच्या मोठ्या काकी. गावची माऊली त्यांनी चाळीच्या टोकाला देवळी बांधून आणली आणि दर मे महिन्यात वर्धापनदिनाला काकींच्या अंगात वारं यायचं. त्या घुमायच्या, लोक पाया पडायचे, प्रश्न विचारायचे. मग काकी थकल्या आणि त्यांचं वारं यायचं थांबलं. तुमच्यात रीत अशी, की सासूचं वारं थोरल्या सुनेकडे येतं. म्हणून दर वर्षी त्या दिवशी तुला निर्जळी उपास. अंगावर काकींचा तो जड हिरवा शालू, महाप्रसादाच्या पुऱ्या तूच तळायच्या, आणि आरतीला पाटावर बसायचं. तू बसायचीस, आणि काही म्हणता काही व्हायचं नाही.

"ढोल बडवतात, धूर डोळ्यांत जातो, सगळे टकामका माझ्याकडे बघतात," तू सांगायचीस, "आणि माझ्या मनात काय येतं माहितीये? कणीक उरलीय तिचं काय करू."

आपण पोट धरून हसायचो. पण घरी गेल्यावर तुला ऐकावं लागायचं ते हसण्यासारखं नव्हतं. गिरणीच्या संपानंतर विलासभाऊजी घरी बसले ते तुझ्या पायगुणाने. एकच मुलगी झाली ती तुझ्यामुळे. आणि माऊलीसुद्धा हिच्याकडे फिरकत नाही म्हणजे हिच्यातच काहीतरी कमी. पगार तुझा यायचा, चूल तू पेटवायचीस, आणि उणंदुणंही तुझंच निघायचं.

मी एकदा म्हटलं, "मग घूम ना खोटं खोटं. कोण बघायला बसलंय?" तू इतकी चिडलीस की दोन हुकांमधलं अंतर चुकवलंस. "देवाच्या दारात खोटं करू? तू मानत नाहीस म्हणून तुला काय." मी म्हटलं, नाहीच मानत. तू म्हणालीस, माणसाला काहीतरी लागतं गं. मी म्हटलं, माणसाला माणूस लागतं. मग जेवायच्या सुट्टीत तू हळूच म्हणालीस, "एकदा आली ना माऊली, तर निदान मंगळवारी तरी मला कोण भांडी घासायला सांगणार नाय." मला तेव्हा हसू आलं होतं.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी कारखान्यातून परतताना आपण भांडलो. दिवसभर भट्टीपाशी राबून तू आधीच उतरलेली दिसत होतीस. मी म्हटलं, उद्या चोरून पाणी पी, बाहेर जाते म्हणून माझ्याकडे ये, माठ भरून ठेवते. तू म्हणालीस, "उपासात चोरून पाणी पिऊ? तूच ये की. देवळीपाशी उभी राहा आणि मला वार विचार." मी म्हटलं, तुमच्या देवळीपाशी मी यायची नाही, आमच्या घराने दीक्षा घेतलीय. "मग राहा घरी," म्हणालीस आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढे गेलीस. तुझ्या पूर्ण शुद्धीतलं माझ्याशी शेवटचं बोलणं ते.

माझं म्हणणं आजही तेच आहे. तू असतीस तर पुन्हा तेच बोलले असते आणि तू पुन्हा फणकाऱ्याने पुढे गेली असतीस. पण समोर तू नसताना हे बरोबर असणं घेऊन मी करू काय?

रविवारी मी माझ्या दारातच तांदूळ निवडत बसले होते. निवडत कसले, तुझ्याकडे बघत होते. देवळीमागे पत्र्याला ताडपत्री बांधून त्याखाली स्टोव्ह मांडले होते. फरफरणारे दोन मोठे स्टोव्ह, वर कढई, आणि पाठीमागे भिंत. हवा अशी कोंडलेली की वाळत घातलेलं लुगडंही हलत नव्हतं. सकाळभर तुझा हिरवा पदर त्या वाफेत दिसत होता. मध्ये एकदा तू पुरी कढईत टाकायची ती बाहेर टाकलीस. मग धाकट्या जावेवर ओरडलीस. तू, जी कुणावर ओरडत नाहीस. मी ताट खाली ठेवलं.

तेवढ्यात आरतीचे ढोल सुरू झाले. तू उठलीस. एक पाय इकडे, एक तिकडे, पदर खाली लोळतोय, अंबाडा सुटलेला. काहीतरी पुटपुटत तू पाटाकडे निघालीस आणि कुणाच्या तरी तोंडून निघालं, "आली. माऊली आली." मग सगळी चाळच ओरडली. किती आनंद झाला होता गं त्यांना. इतक्या वर्षांची वाट बघणं फळाला आलं होतं. तुझ्यात काही कमी नाही, हे एकदाचं ठरलं होतं.

मी धावले. देवळीपाशी यायची नाही म्हणणारी मी चप्पल न घालता धावले. गर्दीतून घुसले तेव्हा तू पाटावर बसून डोलत होतीस. चेहरा लालबुंद, कोरडा, डोळे वर गेलेले. तू "पाणी, पाणी" म्हणत होतीस. काकी तुझ्यासमोर गुडघे टेकून बसल्या होत्या आणि तांब्याचं पाणी तुझ्या पायांवर ओतत होत्या. माऊली पाणी मागते ती पाय धुण्यासाठी, ही त्यांची रीत. ज्या बाईने कधी तुला बस म्हटलं नाही, ती तुझ्या पायांवर डोकं ठेवत होती. विलासभाऊजी हात जोडून रडत होते. समोर होम धगधगत होता आणि लोक त्यात आणखी धूप टाकत होते.

मी ओरडले, "सुलू, आज वार कोणता?"

तू मान वळवलीस. मला बघितलंस की नाही, कळलं नाही. म्हणालीस, "वाकडी वेगळी काढ. वाकडी सगळी वेगळी काढ." मला कळलं तू कुठे आहेस ते. तू कारखान्यात होतीस, भट्टीपाशी. पण शेजारी कुजबुज सुरू झाली. वाकडं वेगळं काढा म्हणते माऊली, म्हणजे दोन भावांनी आता वेगळं व्हावं. तुझ्या जावेने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा.

"ही देवी नाही," मी म्हटलं. "हिला ऊन लागलंय. बाजूला व्हा, पाणी ओता अंगावर." मी तुला धरायला वाकले आणि तुझ्या दिराने हात आडवा घातला. "शालनबाई, आत्ता नको. अंगावर माऊली आहे. शिवू नका." वाईट माणूस नाही तो. माझ्या मुलाला सायकल त्यानेच शिकवली. त्याने त्या वेळी कुणालाच शिवू दिलं नसतं, असं मी स्वतःला समजावते. पण त्याच वेळी तुझ्या शेजारणी एकामागून एक तुझ्या कपाळाला हात लावून कुंकू भरत होत्या, सुलू. माझ्याच हातात असं काय होतं, ते मी त्याला विचारणार नाही. मला उत्तर नकोय.

मी घरी पळाले, पिंपातून बादली भरली, आणि लोकांच्या डोक्यांवरून ती सगळी तुझ्यावर फेकली. होम विझला, समई विझली, ढोल थांबले. एक बाई म्हणाली, "बाटवलं सगळं." आणि तू ताठ झालीस, हातपाय झडायला लागले, पाटावरून खाली पडलीस. तेव्हा काकींनी किंकाळी फोडली. तेव्हा कुठे तू त्यांना सून दिसलीस.

रिक्षात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी शालूच्या गाठी सोडत होते, त्या सुटत नव्हत्या. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याने काही न विचारता बर्फाची लादी फोडून दिली. मी तो तुझ्या मानेला लावला, काखेत धरला. बाईंनी सांगितलेलं सगळं केलं, क्रमाने केलं, एकही गोष्ट विसरले नाही. बर्फ माझ्या हातात विरघळत होता आणि तुझं अंग तसंच पेटलेलं. भाऊजी पुढे बसून सारखं विचारत होते, "शालनताई, हिला ताप कधी आला?"

इस्पितळातल्या लोकांनी धावपळ केली. ओल्या चादरी, पंखे, सलाईन, सगळं. तिथल्या तरुण डॉक्टरने मला विचारलं, "अंगावर पाणी कुणी ओतलं?" मी म्हटलं, मी. "बरोबर केलंत," तो म्हणाला. "फक्त आधी ओतायला हवं होतं." मग पुन्हा तुझ्याकडे वळला. त्याने ते दोष देण्यासाठी म्हटलं नव्हतं. संध्याकाळी तू गेलीस. तुझ्या कपाळावरचं कुंकू पाण्याने वाहून सगळ्या चेहऱ्यावर पसरलं होतं. नर्सने ते पुसून तुला आमच्या ताब्यात दिलं. घरी आल्यावर बायकांनी पुन्हा मळवट भरला.

चाळीत आता दोन पक्ष आहेत. अर्धे म्हणतात, माऊली इतकी प्रसन्न झाली की सुलूला बरोबरच घेऊन गेली, सवाष्ण गेली, सोनं झालं. उरलेले म्हणतात, माऊली अंगावर असताना त्या बाईने बादली ओतली, देवी कोपली, म्हणून सुलू गेली. त्या बाईने म्हणजे मी. नळावर माझी पाळी आली की मागची बाई दोन पावलं सरकते. ह्याचं मला वाईट वाटत नाही, असं लिहिणार होते. वाटतं. रोज वाटतं. तुला वाचवण्यासाठी जे एकच काम करायचं होतं, ते एकटीने केलं, आणि त्यानेच तू गेलीस असं लोक म्हणतात. हे सांगायला मला तूच हवी होतीस, आणि तू एव्हाना म्हणाली असतीस, "मरू दे गं, त्यांना काय कळतंय." मरू दे, हाच शब्द वापरायचीस तू.

गेल्या आठवड्यात भर दुपारी, चाळ झोपलेली असताना, काकी माझ्याकडे आल्या. इतक्या वर्षांत त्या कधी माझ्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. आल्या, माझ्या खाटेवर बसल्या. पाणी दिलं, ते प्यायल्या. मग म्हणाल्या, "शालन, तू खरा सांग. ती माऊली होती मां गो?"

मला त्यांचा राग आलेला होता. तो राग मी जपून ठेवला होता, त्याच्यावरच दिवस काढत होते. मी म्हटलं, "नाही काकी. तिला ऊन लागलं होतं. ती पाणी मागत होती."

त्यांनी आपले तळहात उलटे करून बघितले. "मी तिचे पाय धुतलंय ना, ते चटचटत होते. माझ्या अंगात वारा येय तेव्हा माझे पाय थंडगार पडत. तवाच माका कळला."

"मग बोलला का नाहीत?"

"किती वर्सा वाट बघलंय गो," म्हणाल्या. "सगळे बघत होते. माका वाटला, माझाच काय तरी चुकता असात."

माझा राग तिथेच संपला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. तो होता तेच बरं होतं. ज्या हातांनी तुझी उष्णता ओळखली, त्याच हातांनी तांब्याचं पाणी तुझ्या डोक्यावर ओतलं असतं तर तू आज माझ्या शेजारी उभी असतीस. त्या म्हातारीला हे माझ्यापेक्षा जास्त कळतंय.

मग त्यांनी खरं कारण सांगितलं. येत्या मंगळवारी मेघाला पाटावर बसवायचं ठरलंय. तुझ्या मेघाला, चौथीतल्या पोरीला. सुनेचं वारं नातीकडे येतं का ते बघायला. मी म्हटलं, "तुम्हाला सगळं कळलंय आणि तरी पोरीला बसवणार?"

"नाय बसवलंय तर लोक इचारतले. सुनेक माऊलीन न्हेल्यान, मग नातीक का बसवूक नाय? तेंका काय सांगू? सुनेक मीच मारलंय म्हणान सांगू?" डोळे पुसून त्या उठल्या. "उपास नाय धरूक देवचंय. होम नाय. तू ये आणि फुड्यात बस. तुका कोण अडवता ता मी बघतंय."

मला पुढे बसायला जागा मिळाली, सुलू. आता मिळाली.

मी ठरवलं होतं, की मेघाला मीच सांगेन आणि तीच नको म्हणेल. काल ती गणितं घेऊन माझ्याकडे आली. तुझ्यासारखीच बसते, एक पाय पोटाशी घेऊन. मी पाटी बाजूला ठेवली आणि म्हटलं, "मेघा, तुझ्या आईला काय झालं होतं ते मी तुला सांगते."

"ऊन लागलं होतं," ती म्हणाली. "मला माहितीये मावशी. तू पाणी ओतलंस ते मी बघितलं. अजून ओतायला पाहिजे होतं."

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "मग मंगळवारी पाटावर बसायचं नाही. मी आजीशी बोलते, तुझ्या पप्पांशी बोलते. तुला कोणी जबरदस्ती करणार नाही."

"पण मला बसायचंय."

मी का म्हणून विचारलं. ती पेन्सिलीचं टोक चावत राहिली आणि मग एका दमात बोलली, "सगळे म्हणतात आई आता माऊलीत आहे. मग माऊली आली तर आईपण येईल ना? फक्त अंगात आल्यावर आजीला काही आठवायचं नाही, नंतर सगळे तिला सांगायचे ती काय बोलली ते. मला पण काही ऐकू येणार नाही. म्हणून तू पुढे बस, मावशी. आई काय काय बोलते ते सगळं नीट ऐक आणि मला सांग. तू खोटं नाही सांगत."

मी जन्मभर सांगत आले, कुणी कुणाच्या अंगात येत नसतं. तुला सांगितलं, काकींना सांगितलं, भर आरतीत ओरडून सांगितलं. ते एक वाक्य काल माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हटलं, "ऐकेन." ती लगेच पाटी ओढून घेऊन भागाकार करायला लागली.

मंगळवारी मी जाणार आहे. पदराखाली भिजवलेला टॉवेल घेऊन सगळ्यांच्या पुढे बसणार आहे. तिला काही होऊ देणार नाही, एवढं तरी मी करीन. ढोल वाजतील, ती डोळे मिटून बसेल, कदाचित मनापासून डोलेलही. मग ढोल थांबतील, ती डोळे उघडेल, पहिल्यांदा माझ्याकडे बघेल आणि विचारेल, आई काय म्हणाली.

आणि तू तर काहीच म्हणाली नसशील, सुलू.